संगणकातली गाणी मोबाईलमध्ये: आपली आपणच!

मैत्रिणींनो, घरातली कितीतरी कामं आपण कुणाला न विचारता करतो. गॅसचं सिलिंडर बदलतो, मिक्सरचं भांडं बसवतो, कुकरची शिट्टी खोलून साफ करतो. आपल्या आईला, सासूला याच यंत्रांची एकेकाळी धास्ती वाटायची. आज आपल्याला ती वाटत नाही. पण एक काम असं आहे, की ते निघालं की आपण हमखास हाक मारतो, "अरे बाळा, त्या कॉम्प्युटरमधली गाणी माझ्या मोबाईलमध्ये टाकून दे ना!" बाळ म्हणतं, "रविवारी देतो गं, आई." आणि तो रविवार काही उगवत नाही.

मुलं शिकायला पुण्या-हैदराबादला गेली की मग तर विचारायलाच नको. संगणक कोपऱ्यात, त्यावर आपण हौसेनं विणलेलं क्रोशाचं आच्छादन, आच्छादनावर धूळ. आत काय काय आहे ते कुणाला धड आठवत नाही. आपल्याकडे नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, मोबाईलची दुकानं पावलापावलाला आहेत. पूर्वी मेमरी कार्ड नेऊन दिलं की दुकानदार थोड्या पैशांत शे-दोनशे गाणी "भरून" द्यायचा. घरच्या संगणकातली गाणी मात्र तिथे मिळत नाहीत. ती आपल्यालाच काढावी लागतात. आणि मी सांगते, दुपारचा चहा होऊन भाजी निवडायला बसेपर्यंत जेवढा वेळ मिळतो ना, तेवढ्यात हे काम होतं.

नेटवर सगळं मिळतं, मग ही उठाठेव कशाला?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. लतादीदींचं गाणं हवं, आशाताईंचं हवं, की मोबाईलला नुसतं सांगायचं, लगेच सुरू. खरं आहे. सिनेमातल्या गाण्यांसाठी जुना संगणक उघडण्याची गरज आता उरलेली नाही.

पण जरा आठवून पाहा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी घरात नवा संगणक आला, तेव्हा हौसेनं आपण त्यात काय काय भरलं होतं? नणंदेच्या लग्नातली मंगलाष्टकं. बाळाच्या बारशाचा पाळणा, तो म्हणणारी आत्या आणि मध्येच रडणारं बाळ. पंचमीच्या फेराची गाणी. सासऱ्यांचा हरिपाठ. नवरात्रात घरी आलेल्या आराध्यांची गाणी. माळेगावच्या यात्रेत कुणीतरी टिपून घेतलेला वाघ्या-मुरळीचा जागर. आणि कुठल्यातरी कॅसेटवरून उतरवून घेतलेला आईचा आवाज. यातलं एक तरी नेटवर मिळेल का? साऱ्या जगात त्याची एकच प्रत आहे, आणि ती त्या आच्छादनाखाली आहे.

संगणकात ही गाणी ज्या तबकडीवर असतात, तिला हार्ड डिस्क म्हणतात. जुन्या संगणकातली ही तबकडी आत गरगर फिरत असते. कुठल्याही फिरत्या यंत्रासारखी तीही झिजते. वर्षानुवर्षं बंद पडून राहिलेला, पावसाळ्यातली ओल आणि उन्हाळ्यातली धूळ खाल्लेला संगणक एके दिवशी सुरूच होत नाही. मग आपण तो भंगारवाल्याला देतो, आणि त्याच्याबरोबर आईचा आवाजही जातो. तेव्हा आज शक्य आहे तोवर तो आवाज तिथून बाहेर काढायला हवा.

जात्यावरचा आवाज असाच वाचला

आवाज जपण्याचं केवढं मोल आहे, याचं एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पूर्वी पहाटे जात्यावर बसलं की बायकांच्या तोंडून ओव्या निघायच्या. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास, लेकीची काळजी, सगळं त्या ओव्यांत यायचं. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, कष्ट वाचले, चांगलंच झालं. पण जातं थांबलं तशी ओवीही थांबायला लागली.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुण्यातच राहिलेले गी प्वातवाँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या बायकांकडून ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या बायका आणि एक लाखाहून अधिक ओव्या! बर्नार बेल या फ्रेंच अभ्यासकानं १९९०च्या दशकात त्यांतल्या काही गाणाऱ्यांचे आवाज ध्वनिफितीवर घेतले. आपल्या मराठवाड्यातल्या, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही १९९६ साली अशाच टिपल्या गेल्या. गी प्वातवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. पण फितींवरचे आवाज संगणकावर उतरवले गेले, आणि २०१७ पासून ते 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून कुणालाही मोबाईलवर ऐकता येतात.

विचार करा, त्या बायका काही रेडिओवर गाणाऱ्या नव्हत्या. तुमच्या-माझ्या आजीसारख्याच होत्या. त्यांचा आवाज राहिला, कारण कुणीतरी तो वेळेवर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला. आपल्या घरातल्या आवाजासाठी एवढं काम कोण करणार? आपणच!

आधी साहित्य

पाककृतीत जसं आधी साहित्य जमवतो, तसंच इथे.

एक, संगणक, तो सुरू होतोय ना, हे आधी पाहून घ्या. सुरू करताना आतून टक्‌टक् असा आवाज सारखा येत असेल तर तो पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. हार्ड डिस्क आजारी असल्याची ती खूण आहे. अशा वेळी सरळ जाणकाराकडे न्या.

दोन, तुमचा मोबाईल. त्यात जागा किती शिल्लक आहे ते सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' या नावाखाली दिसतं. हिशोब सोपा आहे. नेहमीच्या एमपीथ्री प्रकारातलं गाणं मिनिटाला साधारण एक एमबी जागा घेतं. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं पाच एमबी, तासाभराची अख्खी कॅसेट साठ एमबीच्या आत. एका जीबीत हजार एमबी धरल्या तर सोळा-सतरा कॅसेटी एका जीबीत मावतात. अख्खं कपाट रिकामं होईल!

तीन, वायर. चार्जरबरोबर आलेलीच चालते, तिचं एक टोक संगणकात बसलं म्हणजे झालं. मात्र एक गोम आहे, बरं का. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही वायरी फक्त चार्जिंग करतात, त्यांतून गाणी जातच नाहीत. वायर लावली, मोबाईल चार्ज होऊ लागला, पण संगणकाला काही दिसेना, तर पहिला संशय वायरवर घ्या.

आता कृती

१. संगणक सुरू करा. गाणी कुठे आहेत ते शोधा. बहुधा 'म्युझिक' किंवा 'माय म्युझिक' या फोल्डरमध्ये असतात. नाहीतर 'डी' ड्राइव्हमध्ये कुणीतरी नाव देऊन ठेवलेली असतात. मिळाली नाहीत तर शोधाच्या चौकटीत 'एमपीथ्री' ही अक्षरं इंग्रजीत लिहून पाहा.

२. मोबाईलचं कुलूप उघडा, म्हणजे पासवर्ड टाकून पडदा चालू ठेवा. मग वायर जोडा. पुष्कळजणी इथेच अडकतात. पडदा बंद असेल तर संगणकाला मोबाईलच्या आतलं काही दिसत नाही.

३. मोबाईलच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढा. 'यूएसबीने चार्ज होत आहे' अशा अर्थाची सूचना दिसेल. तिच्यावर बोट ठेवा. तीन-चार पर्याय येतील, त्यांतला 'फाइल ट्रान्सफर' निवडा. ही पायरी विसरली की पुढचं सगळं अडतं. वायर लावली की मोबाईल आपणहून फक्त चार्जिंगच करतो. दार उघडायला तुम्हीच सांगावं लागतं. हा बंदोबस्त आपल्याच सुरक्षेसाठी आहे.

४. आता संगणकावर 'धिस पीसी' किंवा 'माय कॉम्प्युटर' उघडा. सी, डी या ड्राइव्हशेजारी तुमच्या मोबाईलचं नाव दिसेल. ते उघडा, आत 'इंटरनल स्टोरेज' उघडा, त्यात 'म्युझिक' नावाचं फोल्डर असतं. ते उघडं ठेवा.

५. गाण्यांच्या फोल्डरवर उंदराचं उजवं बटण दाबा. (माऊसला उंदीर म्हटलं म्हणून हसू नका!) 'कॉपी' निवडा. मोबाईलच्या म्युझिक फोल्डरमध्ये येऊन पुन्हा उजवं बटण, मग 'पेस्ट'.

६. हिरवी पट्टी पुढे सरकत जाईल. ती पूर्ण होईपर्यंत वायरला हात लावू नका. शंभर-दोनशे गाणी काही मिनिटांत जातात.

झालं! मोबाईलमधलं गाणी वाजवायचं ॲप उघडा. दोन-तीन गाणी वाजवून बघा आणि मगच वायर काढा.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. 'कॉपी' करा, 'कट' करू नका. दह्याच्या भांड्यातून विरजण काढून शेजारणीला दिलं तर आपलं दही तसंच राहतं. कॉपीचं तसंच आहे. कट म्हणजे भांडंच उचलून देणं. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. मध्येच ती गेली तर कॉपीत काही बिघडत नाही, उरलेली गाणी पुन्हा घेता येतात. कटमध्ये मात्र काही गाणी इकडे, काही तिकडे असा घोळ व्हायचा.

संगणक फारच जुना असेल तर

दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा संगणक आजचा मोबाईल कित्येकदा ओळखतच नाही. वायर चांगली, पर्याय बरोबर निवडलेला, तरी नाव दिसत नाही. यात तुमचं काही चुकलेलं नसतं. अशा वेळी पेनड्राइव्हचा मार्ग धरा. हल्ली दोन तोंडांचा पेनड्राइव्ह मिळतो, एक तोंड संगणकात बसणारं, दुसरं मोबाईलच्या चार्जिंगच्या जागी बसणारं. आधी तो संगणकाला लावून गाणी त्यात कॉपी करा. संगणकातून काढण्यापूर्वी 'सेफली रिमूव्ह' म्हणायला विसरू नका. मग तो मोबाईलला लावा, 'फाइल्स' नावाचं ॲप उघडा, आणि तिथून गाणी मोबाईलच्या म्युझिकमध्ये कॉपी करा.

आयफोन वापरणाऱ्या भगिनींनाही हाच मार्ग सोपा पडतो, कारण आयफोनचं म्युझिक फोल्डर असं सरळ उघडून त्यात गाणी टाकता येत नाहीत. २०२३ साली आलेल्या आयफोन १५ पासून पुढच्या मोबाईलना टाइप-सी तोंडाचा पेनड्राइव्ह थेट लागतो. 'फाइल्स' या ॲपमध्ये गाणी ठेवून तिथूनच ती ऐकता येतात.

संगणक नवा असेल, विंडोज १० किंवा ११ चा, तर वायरही नको. 'क्विक शेअर' नावाचं गूगलचं ॲप संगणकात घेतलं की ब्लूटूथ आणि वायफायच्या मदतीनं गाणी अँड्रॉइड मोबाईलमध्ये येतात. नुसतं ब्लूटूथही चालतं, पण त्याची चाल बैलगाडीची! एखाद-दुसऱ्या गाण्यापुरतं ते ठीक.

सीडीतली गंमत

पुष्कळ घरांत कॅसेटींची सीडी करून घेतलेली असते. ती संगणकात घातली की 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशी नावं दिसतात. आपण ती कॉपी करतो, मोबाईलमध्ये टाकतो आणि वाजतच नाहीत! कारण आपण कॉपी केलं ते गाणं नव्हतंच, ती होती नुसती गाण्याची चिठ्ठी. या फाइलीचा आकार पाहा, एक केबी, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका उचलली आणि पुस्तक तिथेच राहिलं, असा प्रकार.

यावर उपाय सोपा. संगणकातलं 'विंडोज मीडिया प्लेयर' उघडा, सीडी घाला आणि 'रिप सीडी' असं लिहिलेलं बटण दाबा. आधी त्याच्या सेटिंगमध्ये एमपीथ्री हा प्रकार निवडून ठेवा. मग खरी गाणी संगणकात उतरतात, आणि ती वर सांगितलेल्या कृतीनं मोबाईलमध्ये नेता येतात. हे लवकर करा. घरी लिहिलेल्या सीड्या काही जन्मभर टिकत नाहीत.

आवाज अजून कॅसेटमध्येच असेल तर? कॅसेट १९६३ साली फिलिप्स कंपनीनं आणली. तिच्या फितीवरचा चुंबकीय थर वर्षांगणिक उतरत जातो. घरात चालू टेपरेकॉर्डर असेल तर त्याच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर संगणकाच्या 'लाईन-इन'ला जोडायची, 'ऑडॅसिटी' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सुरू करायचं आणि कॅसेट वाजू द्यायची. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो. तेवढ्यात शेंगा सोलून होतात!

एमपीथ्री म्हणजे काय, आणि त्यातली एक बाई

सीडीवरचं गाणं मिनिटाला दहा एमबी जागा खातं, आणि एमपीथ्री एकच. मग उरलेले नऊ गेले कुठे? जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं शोधलं, की गाण्यातलं पुष्कळसं आपल्या कानाला ऐकूच येत नाही. मोठ्या आवाजाखाली लहान आवाज दबून जातो. तो काढून टाकला तरी ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. एमपीथ्री हे नाव त्यांनी १९९५ साली ठरवलं.

पण त्यांना खरं झुंजवलं ते एका बाईच्या आवाजानं! सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे गाणं आहे. त्यात पेटी नाही, तबला नाही, काही नाही. नुसता तिचा एकटीचा आवाज. वाद्यांच्या गाण्यात खपून जाणारी चूक त्या मोकळ्या आवाजात लगेच कानाला बोचायची. तो आवाज नीट येईपर्यंत ब्रांडेनबुर्ग आपली पद्धत पुन्हा पुन्हा सुधारत राहिले.

मला यात आपल्या जात्यावरच्या ओवीची आठवण होते. तीही एकट्या बाईची, वाद्याविना. तेव्हा घरचे आवाज उतरवताना एवढं करा. रोज ऐकायला एमपीथ्री उत्तम; पण आईच्या, आजीच्या आवाजाची मूळ मोठी फाइल, जिला 'वेव्ह' फाइल म्हणतात, ती असेल तर पुसू नका. तीही एका पेनड्राइव्हवर ठेवा. एमपीथ्रीत एकदा काढून टाकलेलं परत मिळत नसतं.

बरण्यांना चिठ्ठ्या लावतो तशी नावं

उन्हाळ्यात आपण लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावतो, यंदाचं कोणतं आणि गेल्या सालचं कोणतं ते कळावं म्हणून. गाण्यांना मात्र 'न्यू फोल्डर २', 'रेकॉर्डिंग ००७' अशी नावं! आणखी दहा वर्षांनी तुमच्या लेकीला यातून काय कळणार?

फाइलवर उजवं बटण दाबून 'रिनेम' निवडा आणि सरळ मराठीत लिहा: कोणाचा आवाज, कोणतं गाणं, कुठे, कोणत्या साली. 'आजी – पंचमीची गाणी – औसा – १९९८' असं नाव असलं की काम झालं. साल नक्की आठवत नसेल तर 'धाकट्याच्या बारशाला' असं लिहिलं तरी चालेल. आज घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून घ्या, हे मागचं कोण गातंय म्हणून. ती माहिती फक्त त्यांच्याजवळच आहे.

नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर गाणं पाठवताना ते ऑडिओ म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ऑडिओ म्हणून गेलं की पलीकडे पोचेपर्यंत त्याचं नाव बदलून आकडे होतात, आणि आपली चिठ्ठी गळून पडते.

दुकानात देण्यापूर्वी

काहीजणी म्हणतील, "एवढं कोण करत बसणार वो! मोबाईल दुकानात दिला की तो पोरगा देतो करून." दुकानदार प्रामाणिक असतातच. पण कुलूप उघडून दिलेल्या मोबाईलमध्ये फक्त गाणी नसतात. मुलीचे फोटो असतात, बँकेचे संदेश असतात, घरातल्या बोलण्याचे निरोप असतात. तिजोरीची किल्ली कुणाच्या हाती देऊन आपण बाजार करायला जातो का? द्यायचंच झालं तर पेनड्राइव्ह द्या, मोबाईल नको. आणि काम होईपर्यंत तिथेच उभ्या राहा.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचे हक्क ६० वर्षांपर्यंत मालकाकडे राहतात. परवानगीशिवाय सिनेमाची गाणी भरून विकणं हा गुन्हा आहे. आपल्या आत्यानं म्हटलेल्या पाळण्याला मात्र कुणाची परवानगी नको. फक्त आत्याला विचारा, तिचा आवाज साऱ्या गावाला पाठवायचा का म्हणून!

तुमच्या शंका

'गाणी गेली, पण मोबाईलमध्ये दिसत नाहीत.' – मोबाईल एकदा बंद करून सुरू करा. तरी दिसली नाहीत तर 'फाइल्स' ॲपमधून म्युझिक फोल्डर उघडून तिथूनच वाजवा.

'दिसतात, पण काही वाजत नाहीत.' – जुन्या संगणकातली काही गाणी डब्ल्यूएमए नावाच्या वेगळ्या प्रकारची असतात. 'व्हीएलसी' नावाचं ॲप फुकट मिळतं, त्यात बहुतेक सगळे प्रकार वाजतात.

'पेनड्राइव्ह संगणकात चालतो, मोबाईलला चालत नाही.' – त्याची आतली मांडणी मोबाईलला न समजणारी असते. तो 'एक्सफॅट' किंवा 'फॅट३२' या प्रकारात फॉरमॅट करावा लागतो. पण सावधान! फॉरमॅट केलं की त्यातलं सगळं पुसलं जातं. आधी आतलं सामान दुसरीकडे काढून ठेवा.

'मोठ्या जागेचं मेमरी कार्ड फार स्वस्तात मिळतंय, घेऊ का?' – नको. अशा कार्डांवर लिहिलेली जागा कित्येकदा खोटी असते. गाणी गेल्यासारखी दिसतात आणि नंतर वाजत नाहीत. घरचे आवाज ठेवायला पावती देणाऱ्या दुकानातूनच कार्ड घ्या.

एक प्रत नांदेडला, एक लातूरला

गाणी मोबाईलमध्ये आली म्हणजे काम संपलं का? अर्धंच. मोबाईल तर संगणकापेक्षाही नाजूक. एसटीत विसरतो, पाण्यात पडतो, चोरीला जातो. म्हणून घरच्या आवाजाच्या कमीत कमी तीन प्रती हव्यात: एक मोबाईलमध्ये, एक पेनड्राइव्हवर कपाटात, आणि तिसरी दुसऱ्या गावी.

दुसऱ्या गावी कशाला, असं आपल्या भागातल्या बाईला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपली होती. काही क्षणांत घरंच्या घरं बसली, हजारो माणसं गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं. अशा वेळी माणूस जीव वाचवील, का कपाटातला पेनड्राइव्ह शोधील? माणसांपुढे वस्तूचं काय मोल! पण माणूस गेल्यावर त्याचा आवाज तरी राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी दुसऱ्या गावची प्रत हाच एक उपाय आहे.

आणि ही सोय आपल्याला किती सहज आहे! तुमचं सासर नांदेडचं आणि माहेर लातूरचं असेल, किंवा बहीण एका गावात आणि तुम्ही दुसऱ्या, तर लोहा-अहमदपूरवरून एसटीनं तीन-चार तासांचा रस्ता. दिवाळीला, पंचमीला जाणं होतंच. फराळाच्या डब्याबरोबर एक पेनड्राइव्ह न्या. तिच्या संगणकातले आवाज तुम्ही घ्या, तुमच्या संगणकातले तिला द्या. आईचा आवाज मग दोन्ही घरांत राहील.

"मला नाही जमायचं, बाई," असं म्हणणाऱ्या मैत्रिणीला शेजारी बसवा, आणि उंदीर तिच्या हाती द्या. तुम्ही नुसतं सांगा. एकदा स्वतःच्या हातानं केलं की पुन्हा विचारावं लागत नाही. आपण स्वयंपाक तरी दुसरा कसा शिकलो?

तर मग या आठवड्यात एक दुपार ठरवा. ते क्रोशाचं आच्छादन काढा, धूळ पुसा, बटण दाबा. सिनेमाची गाणी राहू द्या, ती कुठे जात नाहीत. आधी घरच्या माणसांचा आवाज शोधा.